चौथा मजला, कुलूपबंद घर आणि चौदा गोळ्या : पणजीच्या वेशीवरच्या एका हिवताप-साखळीचा अभ्यास

आजींच्या मांडीचे हाड मोडले त्याला सात महिने झाले होते. पलंग, खिडकी आणि तिन्हीसांजेला सोप्यावर मांडलेली खुर्ची, एवढ्यातच त्यांचे सगळे दिवस जात. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांना थंडी वाजून ताप आला. घरच्यांनी जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेले. तिथे डेंगीची चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. प्लेटलेट्स कमी दिसल्या म्हणून सलाईन लावले आणि 'व्हायरल आहे' म्हणून घरी पाठवले. एक दिवसाआड ताप चढत होता आणि घामाने अंथरूण भिजवून उतरत होता. पाचव्या दिवशी घरोघर फिरून तापाचे रुग्ण शोधणारा आमच्या सरकारी आरोग्य केंद्राचा सर्व्हेलन्स कर्मचारी त्या वाड्यात गेला. दुपारी बारा वाजता, ऐन उकाड्यात, आजी दोन गोधड्या पांघरून कुडकुडत होत्या. त्याने बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचे दोन थेंब घेतले, एक जाड आणि एक पातळ. संध्याकाळी आमच्या तंत्रज्ञ बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली काच धरली आणि मला हाक मारली. तांबड्या पेशी फुगलेल्या होत्या, त्यांच्यावर बारीक ठिपक्यांची रांगोळी होती आणि आत वेडावाकडा पसरलेला परजीवी. प्लाझ्मोडियम व्हायवॅक्स, हिवतापाच्या परजीवींपैकी एक.

व्हायवॅक्समध्येही प्लेटलेट्स घसरतात. पावसाळ्यात प्लेटलेट्स कमी दिसल्या की सगळ्यांचे मन आधी डेंगीकडे धावते, हे मी समजू शकते. पण डेंगीची चाचणी पाठवताना त्याच सुईने काचेवर एक थेंब घेतला असता, तर आजींचे चार दिवस वाचले असते. त्या चार दिवसांत आजी रोज संध्याकाळी सोप्यावर उघड्या पायांनी बसत होत्या. व्हायवॅक्सचा रुग्ण ताप सुरू होता-होताच डासाला संसर्ग देऊ लागतो, त्यामुळे उशिरा झालेल्या निदानाची किंमत शेजारीही मोजतात.

वय आणि प्लेटलेट्स पाहून आजींना दोन दिवस बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, ठेवले आणि औषध सुरू झाल्यावर त्या घरी आल्या. आमच्या दृष्टीने प्रकरण मात्र तिथेच सुरू झाले. आजी कुठेही गेल्या नव्हत्या, म्हणजे परजीवी त्यांच्या दारात आला होता. कोणी आणला आणि कोणत्या पाण्यातून निघालेल्या डासाने आणला, एवढेच शोधायचे होते.

वाड्याचा संताप

वाडा जुना, ताळगावच्या वाटेला. दहा-पंधरा कौलारू घरे, मागे माड, दोन विहिरी, आणि गेल्या दोन वर्षांत समोर उभी राहिलेली पाच मजली इमारत. इमारतीच्या पायथ्याशी मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या. आजींची बातमी कळताच वाड्यातली माणसे जमली. "डॉक्टरबाई, हे मजूर आले आणि ताप आला. आधी नव्हता. त्यांना हलवा आणि उद्या धूर मारा." एवढ्या दोनच मागण्या.

धूर मारला की लोकांना बरे वाटते. गाडी येते, आवाज होतो, गल्ली पांढरी होते. पण तो धूर त्या क्षणी हवेत उडत असलेल्या डासालाच लागतो. पाण्यातल्या अळ्यांना त्याची झळही लागत नाही. शहरात हिवताप पसरवणारा ॲनाफिलीस स्टीफेन्साय घरात, पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे विसावतो. आज मेलेल्यांच्या जागी चार दिवसांनी नवे येतात आणि लोक म्हणतात, धुरात पाणी मिसळले असेल. म्हणून आम्ही आजींच्या आणि लगतच्या घरांत आतून पायरेथ्रम या डासनाशकाची फवारणी केली. मजूर हलवायला मी ठाम नकार दिला. मजूर दुसऱ्या बांधकामावर गेला असता, तर परजीवीही त्याच्याबरोबर गेला असता, आणि तो आमच्या नोंदवहीतून नाहीसा झाला असता.

वाड्याला मी जे सांगितले ते आजही तसेच सांगेन. हिवतापाला दोन गोष्टी लागतात, माणसाच्या रक्तातला परजीवी आणि त्याला पोसणारा डास. परजीवी कदाचित झारखंड-ओडिशातून आला असेल. डास इथला आहे, आपल्या पाण्यातला. नुसता आजारी माणूस येऊन कोणाला हिवताप होत नाही.

गोव्याने हे पूर्वी अनुभवले आहे. पणजीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांधकामांचा जोर वाढला आणि त्याच्या मागोमाग हिवताप आला. पुढे किनाऱ्यावर हॉटेले उभी राहू लागली तेव्हा कांदोळीनेही तोच अनुभव घेतला. १९९० च्या दशकात इथेच, बांधकामांवरच्या पाण्यात आणि पडून राहिलेल्या टाक्यांत, अळ्या मारणाऱ्या जिवाणूचे आणि अळ्या खाणाऱ्या स्थानिक माशांचे प्रयोग झाले आणि ते यशस्वी ठरले. या कामासाठी देशभरात गोव्याचे नाव घेतले जाते. आता राज्यात हिवतापाचे रुग्ण तुरळक झाले आहेत, आणि नेमक्या याच कारणाने एक रुग्ण दिसला तरी मला झोप लागत नाही. रुग्ण कमी झाले की खासगी डॉक्टर काच काढायचे विसरतात आणि मुकादमाला आमचे तोंड ओळखीचे राहत नाही.

मागे मोजत जाणे

अशा वेळी मी कॅलेंडर घेऊन बसते. डास चावल्यापासून व्हायवॅक्सचा ताप यायला साधारण दोन आठवडे लागतात. आजींना ताप जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आला, म्हणजे चावा पहिल्या आठवड्यातला. ज्या डासाने चावा घेतला त्याच्या पोटात परजीवी तयार व्हायला आपल्याकडच्या पावसाळी हवेत साधारण दहा दिवस लागतात. म्हणजे त्या मादीने कोणा रुग्णाचे रक्त जूनच्या शेवटच्या आठवड्यात प्यायले होते. आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस धरले, तर जूनच्या मध्याला या परिसरात कुठेतरी स्वच्छ पाणी साचून होते.

ही तीन टिपणे घेऊन मी बांधकामावर गेले. मुकादम चंदगडचा, मराठी बोलणारा. सुरुवातीला तो बिचकला. नोटीस मिळेल, काम बंद पडेल, मालक त्यालाच धरील. गोवा सार्वजनिक आरोग्य कायदा १९८५ चा आहे, त्याखाली बांधकाम मजुरांना हेल्थ कार्ड लागते आणि डासांची पैदास दिसली तर कारवाई होते, हे त्याला माहीत होते. मी म्हटले, "दादा, नोटीस नंतर बघू. तुमची हजेरीची वही दाखवा."

त्या वहीने आमचे निम्मे काम केले. शाळकरी शंभर पानी वही, सिमेंटच्या बोटांनी कडा काळ्या झालेल्या. जूनच्या चौथ्या आठवड्यात एका मजुराच्या नावापुढे सलग तीन खाडे आणि कडेला पेन्सिलीने एकच शब्द, 'ताप'. त्यानंतर दोन दिवस हजर, आणि मग नाव खोडलेले. तो पर्वरीच्या दुसऱ्या कामावर गेला होता. त्याच वहीच्या मागच्या पानावर स्लॅबच्या तारखा होत्या. चौथ्या मजल्याचा स्लॅब जूनच्या पहिल्या आठवड्यात पडला होता.

स्लॅब पडला की त्यावर सिमेंटचे बारीक बांध घालून वाफे करतात आणि पाणी कोंडून ठेवतात, म्हणजे काँक्रीट नीट मुरते. स्टीफेन्सायला असेच पाणी हवे असते. उन्हातले, उथळ, स्वच्छ, ज्यात बेडूक नाही, मासा नाही. पावसाळ्यात तर कोणी पाणी घालायचीही गरज नसते, आभाळच भरत राहते. आमचा कर्मचारी दर आठवड्याला या जागेवर येत होता, लिफ्टच्या खड्ड्यात आणि तळघरात औषध टाकत होता. चौथ्या मजल्यावर मात्र तो गेला नव्हता, कारण जिन्याच्या तोंडाशी सेंट्रिंगच्या फळ्या आडव्या होत्या. त्याच्या वहीत त्या मजल्यापुढे तीन आठवडे 'वाट बंद' असे लिहिले होते आणि माझी खाली सही होती.

आम्ही फळ्या काढायला लावून वर गेलो. पाण्यावर सावली पडली की अळ्या तळाला जातात, म्हणून काठावर उकिडवे बसून दोन-तीन मिनिटे गप्प राहावे लागते. मग दांडीची पांढरी डवली अलगद तिरकी करून पाणी आत येऊ द्यायचे. पहिल्याच डवलीत त्या दिसल्या, तांदळाच्या कणीएवढ्या, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, काडी तरंगावी तशा आडव्या. गटारातल्या क्युलेक्सच्या अळ्या डोके खाली करून लटकतात, ॲनाफिलीसच्या आडव्या राहतात. हा फरक चष्मा लावून कोणालाही दिसतो. मी मुकादमाच्या हातात डवली दिली. त्याने बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, हे आम्ही रोज बघतो. आम्हाला वाटलं पाण्यातले किडे."

अळ्यांबरोबर स्वल्पविरामासारखे कोषही होते, म्हणजे पिढ्यांवर पिढ्या इथून उडून जात होत्या. याने उपाय बदलतो. बीटीआय नावाचा जिवाणू अळीने खाल्ला तरच तिच्या आतड्यात काम करतो. कोष काहीच खात नाही, त्यामुळे त्या अवस्थेत तो निरुपयोगी. तिथे पाणी काढून टाकणे हाच इलाज. आठ मजूर लावून दुपारपर्यंत वाफे फोडले, पाणी झाडून काढले आणि स्लॅब कोरडा ठेवला. मुरण्याचे दिवस कधीच संपले होते, पाणी केवळ कोणी काढले नाही म्हणून होते. लिफ्टच्या खड्ड्यात पाझर थांबत नव्हता, तिथे बीटीआयची फवारणी दर आठवड्याला चालू ठेवली.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवते, कारण वाड्याला ती पटायला वेळ लागला. मजुरांच्या झोपड्यांतल्या पिंपांत एकही अळी नव्हती. टँकरचे पाणी, मोजके, रोज रात्री पिंप तळाला जाई.

रक्त आणि गोळ्या

मजूर दिवसा कामावर असतात, म्हणून रक्तनमुने रात्री जेवणाच्या वेळी घेतले. पहिल्या रात्री अर्धे जण टाळत होते. मुकादमाने स्वतःचे बोट पहिल्यांदा पुढे केले तेव्हा रांग लागली. दोन रात्रींत सगळ्यांच्या काचा झाल्या. पाच जणांत व्हायवॅक्स सापडला, आणि त्यातल्या दोघांना ताप नव्हता, अंगदुखीही नव्हती. ज्या मुलखात हिवताप वारंवार होतो तिथल्या माणसाचे शरीर त्याच्याशी जुळवून घेते, तो कामाला जातो, आणि त्याच्या रक्तातून डास भरत राहतात. फक्त 'ताप आहे का' विचारत फिरलो असतो तर हे दोघे निसटले असते. पर्वरीला गेलेला मजूरही सापडला. त्याला गेल्या हिवाळ्यात गावी असाच ताप आला होता, तीन दिवस गोळ्या घेतल्या, बरे वाटले, सोडून दिल्या.

व्हायवॅक्सचा सगळा त्रास या 'बरे वाटले' मध्ये आहे. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी रक्तातले परजीवी जातात, ताप उतरतो. पण काही परजीवी यकृतात निपचित पडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी पुन्हा जागे होतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. ताप नसलेल्या, रोजंदारीवरच्या माणसाला चौदा दिवस गोळी खायला लावणे हे माझ्या मते या सगळ्या कामातले सर्वांत अवघड काम. शिवाय काही माणसांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य कमी असते, त्यांच्या पेशी या औषधाने फुटतात. म्हणून लघवी काळसर होते का हे रोज विचारावे लागते. पाचांतली एक बाई गरोदर होती, तिला प्रायमाक्विन द्यायचेच नव्हते. तिला क्लोरोक्विन देऊन तिची नोंद वेगळी ठेवली.

सकाळच्या चहा-पावाबरोबर गोळी, मुकादमासमोर, आणि वहीत टिंब, अशी पद्धत आम्ही बसवली. उपाशी पोटी घेतली तर पोट ढवळते आणि दुसऱ्या दिवशी माणूस टाळतो, म्हणून पाव आधी. नवव्या दिवशी एका मजुराला गावाहून फोन आला, वडील आजारी. त्याला थांबवणे आमच्या हातात नव्हते. उरलेल्या पाच गोळ्यांची पट्टी आणि हिंदीत लिहिलेली चिठ्ठी त्याच्या हातात दिली. वाड्यातही घरोघर काचा काढल्या. तिथे आजींच्या नातवाशिवाय कोणी सापडले नाही, त्यालाही वेळेत औषध मिळाले.

चवथीला वाडा आनंदात होता. गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधताना आजी खुर्चीत बसून कुठले फळ कुठे लावायचे ते सांगत होत्या. मी नेवऱ्या खाल्ल्या आणि मनातल्या मनात प्रकरण मिटवले.

पुन्हा ताप

स्लॅब कोरडा केल्यानंतर सहा आठवड्यांनी वाड्याच्या दुसऱ्या टोकाचा आठवीतला मुलगा तापला. काच पॉझिटिव्ह, व्हायवॅक्स. पुन्हा कॅलेंडर. दोन आठवडे मागे गेले तरी चावा स्लॅब कोरडा झाल्यावर महिन्याने पडतो, आणि स्लॅबवरून उडालेले डास तोवर सहसा जगत नाहीत. कदाचित जुलैतलाच परजीवी त्याच्या यकृतात झोपून उशिरा उठला असेल, व्हायवॅक्स तसेही करतो. पण तेवढ्यावर विसंबून बसणे मला धोक्याचे वाटले. दुसरे पाणी कुठेतरी होते असे धरून चालायचे ठरवले.

विहिरी पाहिल्या. एक रोज उपसली जाते. दुसऱ्या विहिरीत पृष्ठभागाशी पोहणारे, डोक्यावर पांढरा ठिपका चमकणारे मासे होते. हाच तो स्थानिक ॲप्लोकायलस, तो असला की अळी टिकत नाही. डबकी, करवंट्या, टायर यांत पाहिले तर एडीसच्या अळ्या मिळाल्या. त्या डेंगीच्या, त्याही ओतून टाकल्या, पण आमचा शोध वेगळा होता. मग मी नोंदवही उघडली आणि ज्या ओळी वाचायची आमची सवय गेली होती त्या वाचल्या. मुलाच्या घरापासून तिसरे घर, पुढे शेरा 'कुलूप'. मागच्या आठवड्यात 'कुलूप'. जूनपासून प्रत्येक फेरीत 'कुलूप'. मी स्वतः त्या फाटकावरून किमान तीनदा गेले होते.

असे घर गोव्यातल्या प्रत्येक गावात आहे. मालक पोर्तुगाल नाहीतर इंग्लंडला, चावी कुठल्याशा नातेवाईकाकडे, अंगणात गवत कमरेएवढे. शेजारच्या गच्चीवरून पाहिले तर छपरामागची सिमेंटची टाकी दिसली, आणि तिचे पत्र्याचे झाकण खाली गवतात पडले होते. म्हापशाहून चावी घेऊन मालकाचे मामा आले, वयस्कर गृहस्थ, अतिशय ओशाळलेले. शिडीवर आमचा कर्मचारी चढला आणि वरून त्याने नुसती डवली खाली दिली. पाणी नितळ, त्यात आडव्या अळ्या आणि कोष.

टाकी रिकामी केली आणि आतून घासून घेतली, कारण कडेच्या ओलसर शेवाळात अंडी चिकटून राहू शकतात. झाकण तारेने बांधले, उतू जाण्याच्या नळीला जाळी लावली. मामांनी खिशातून जुनी पावती काढून मागच्या बाजूला माझा नंबर लिहिला आणि विचारले, "बाय, पावसाआधी मीच येऊन बघितली तर चालेल?" मी म्हटले, मे महिन्यातच या.

त्या आठवड्यात आम्ही केंद्राच्या हद्दीतल्या सगळ्या 'कुलूप' आणि 'वाट बंद' शेऱ्यांची वेगळी वही केली. घर, शेजारी कोण, चावी कोणाकडे, फोन. पंचसदस्य, पोस्टमन आणि घरोघर पाव विकणारा पदेर या तिघांनी सर्वांत जास्त चाव्या शोधून दिल्या. सलग दोन फेऱ्या एकच शेरा आला, तर तिसऱ्या फेरीत मी स्वतः जायचे, असे ठरले. बांधकामांवर मुकादमाच्या वहीत स्लॅबच्या तारखेशेजारी पाणी काढायची तारीख लिहायला लावली. चंदगडच्या मुकादमाने ती आधीच लिहायला सुरुवात केली होती.

मुलगा बरा झाला. त्याच्या आईने चौदा गोळ्यांचा तक्ता फ्रिजवर चिकटवला होता आणि एकही दिवस चुकू दिला नाही. त्यानंतर त्या वाड्यात त्या वर्षी नवा रुग्ण मिळाला नाही. आम्ही डिसेंबरपर्यंत काचा काढत राहिलो.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी केंद्राच्या दारात एक तरुण उभा होता, पाठीवर पिशवी, नुकताच रेल्वेतून उतरलेला. मी ओळखले नाही. त्याने शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये घडी केलेली चिठ्ठी काढली, माझ्याच अक्षरातली, आणि तिच्याबरोबर गोळ्यांची पट्टी. वडील वारले होते, तेराव्यापर्यंत तो घरी राहिला होता. मी पट्टी उजेडाकडे धरून मोजली. पाचही जागा रिकाम्या होत्या. "आता कुठल्या कामावर?" विचारले. तो म्हणाला, "वोही बिल्डिंग, मॅडम." मी काच घेतली आणि त्याला बोट पुढे करायला सांगितले.